मोर्चाला निघताना

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात चौदा वर्षं अंगणवाडी सेविका आहे. पुढच्या महिन्यात संघटनेनं मुंबईत आझाद मैदानावर धरणं धरायचं ठरवलंय. आमच्या बीटमधून, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या गटातून, सतरा जणी निघणार. सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, दुसऱ्या रात्री त्याच गाडीनं परत. मी मुंबई एकदाच पाहिली, तीही पुतणीच्या लग्नाला, वऱ्हाडाच्या गाडीतून. मालक जाऊ नको म्हणत नाहीत, पण ‘हरवलीस तर कुठं शोधायचं’ म्हणतात. सासूबाईंना वाटतं पोलीस धरून नेतील. मला मात्र भीती आहे ती बाथरूमची. मागच्या खेपेला जाऊन आलेली मैत्रीण सांगते, दिवसभर पाण्याला तोंडच लावू नका. तसंच करायचं का? आणि सोबत काय काय घ्यायचं?
— एक सेविका, जि. सोलापूर

उत्तर : पाणी प्या, ताई. बाकी सगळं नंतर सांगते, आधी हे.

तुमचा बावन्न दिवसांचा संप आठवतो ना, 4 डिसेंबर 2023 ला सुरू झालेला? त्याच संपात जानेवारीत मी आझाद मैदानावर तुमच्या भगिनींसोबत बसले होते. मी परळची, गिरणी कामगाराची मुलगी, आणि बावीस वर्षं एका कामगार संघटनेच्या कार्यालयात काम केलेली. मैदानावर बसणं मला नवीन नाही. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास शेजारची बाई बोलता बोलता माझ्या खांद्यावर कलंडली. बुलढाण्याकडची होती. मला वाटलं, रात्रभराच्या प्रवासानं डुलकी लागली असेल. हात धरला तर गार, आणि ओठांवर पांढरी पापडी. तिच्या पिशवीत पाण्याची बाटली होती, पण झाकणाचं सीलही फुटलेलं नव्हतं. मनमाड सोडल्यापासून तिनं घोटभर पाणी घेतलं नव्हतं, का, तर ‘तिथं जायची सोय नसते’. कामा रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे म्हणून निभावलं. सलाईन लागल्यावर तासाभरानं ती बोलायला लागली, आणि पहिलं वाक्य काय, तर ‘माझ्यामुळं तुमचं भाषण बुडालं’. ती बाटली अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पाणी न पिणं हा उपाय नाही, हे तुमच्या मैत्रिणीलाही सांगा.

सोयीचं म्हणाल तर मैदानाजवळ पालिका फिरती शौचालयं उभी करते. सकाळी ती बरी असतात, अकरानंतर रांग वाढते आणि दुपारी आत पाय ठेववत नाही. म्हणून गाडीतून उतरल्या उतरल्या स्टेशनवरच सगळं आटोपून घ्या. पैसे देऊन वापरायची शौचालयं आणि महिलांचं प्रतीक्षालय तिथं आहे. पाच-दहाची नाणी प्रत्येकीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. नंतर दर दोन-अडीच तासांनी, लागली असो वा नसो, दोघी-दोघींनी उठून स्टेशनपर्यंत जाऊन यायचं. पाच-सात मिनिटांची वाट आहे. पाळीची तारीख जवळ असो वा नसो, गटात पॅड असू द्या, जुनं वर्तमानपत्र आणि काळी पिशवीही. धावपळीत तारीख बदलते हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता रस्ता. सिद्धेश्वर पहाटे कल्याण, ठाणे, दादर करत येते. दादरला अर्धा डबा उतरतो. त्या गडबडीत तुमच्यातली एखादी उठेलच, तिला खाली बसवा. आपल्याला शेवटच्या स्टेशनावर, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचंय. तिथून पुढं गाडी जात नाही, तेव्हा घाई करायचं कारण नाही. सगळ्या जणी फलाटावरच उभ्या राहा, मोजा, आणि मगच हला. सतरा जणींचे चार गट करा, तीन गट चौघींचे आणि एक पाच जणींचा. मोजणी गटातल्या गटात. सतरा डोकी गर्दीत कुणालाच मोजता येत नाहीत, चार येतात.

स्टेशनच्या बाहेर पडलात की समोर घुमटाची दगडी इमारत दिसेल. ती महानगरपालिका. तिच्यापुढं चौकात फिरोजशहा मेहतांचा उभा पुतळा आहे. चुकामूक झाली तर त्या पुतळ्याशी यायचं आणि तिथून हलायचं नाही, एवढं आधीच ठरवून ठेवा. तुमच्या मालकांनाही तेच सांगा, म्हणजे कुठं शोधायचं हा त्यांचा प्रश्न मिटला. स्टेशनसमोर रस्त्याखालून भुयारी मार्ग आहे. त्याला तोंडं अनेक आहेत आणि आत दुकानांची रांग, त्यामुळे नवीन माणूस भलत्याच बाजूला निघतो. शिरायचं तर गटानं शिरा, नाहीतर वरच्या सिग्नलवर पोलीस असतो, त्याला विचारून रस्ता ओलांडा. पालिकेपुढचा रस्ता ओलांडला की मैदान आलंच.

मैदानाचा एक भाग आंदोलनांसाठी कुंपण घालून वेगळा काढलेला आहे, तिथंच बसायचं असतं. पलीकडे शाळकरी पोरांच्या क्रिकेटच्या मॅचेस चालू असतात, इकडे घोषणा नि तिकडे अपील. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 1988 साली शाळेकडून खेळताना 664 धावांची भागीदारी केली ती याच मैदानावर. घरी कुणी क्रिकेटवेडं पोर असेल तर त्याच्यासाठी एवढं बघून या, त्याला आईच्या मोर्चाचं अप्रूप वाटेल.

फोनवर विसंबू नका. हजारो माणसं एका जागी आली की फोन लागत नाही, आणि दुपारपर्यंत बॅटरी उतरते. एका कागदावर आपलं नाव, गाव, घरचा नंबर, गटप्रमुखाचा नंबर आणि रोज घेत असलेल्या गोळ्यांची नावं लिहा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजच्या आत ठेवा, पर्समध्ये नको. पर्स जाते. सोन्याची पोत घरी ठेवून बेन्टेक्सची घाला. आधार कार्डाची झेरॉक्स पुरे.

खाण्याची मला तुमच्याबाबतीत काळजीच नाही. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर टिकते, तेवढी शिदोरी दोन दिवसांची बांधा, एका दिवसाची नको. 2025 च्या ऑगस्टअखेरीस मराठा आरक्षणासाठी लोक इथं आले तेव्हा सुरुवातीला आसपासची हॉटेलं, टपऱ्या बंद होत्या. माणसं उपाशी राहिली, आणि मग गावोगावहून भाकरी-ठेच्याचे टेम्पो निघाले. तेव्हा पाऊसही होता आणि मैदानाचा चिखल झाला होता. म्हणून ऋतू कुठलाही असो, बसायला मेणकापड आणि पायात पट्ट्याची चप्पल घ्या. अंगठ्याची चप्पल गर्दीत निघते, आणि ती घ्यायला वाकलेली बाई पडते.

सासूबाईंच्या शंकेचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण त्यांची भीती खोटी नाही. धरण्याला पोलिसांची लेखी परवानगी घ्यावी लागते. तिच्यात तारीख, वेळ, किती माणसं, ध्वनिक्षेपक किती वाजेपर्यंत, असं सगळं लिहिलेलं असतं. 2025 च्या त्या आंदोलनाला पाच हजार माणसांची आणि संध्याकाळी सहापर्यंतचीच परवानगी होती, आणि माणसं आली त्याच्या कैक पटीनं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तेव्हा परवानगीचा फोटो संघटनेकडून आधीच मागून घ्या आणि प्रवासात सगळ्यांनी वाचा. परवानगीच्या वेळेत, नेमून दिलेल्या जागी बसलेल्या बाईला केवळ बसली म्हणून कुणी अटक करत नाही. आपण शांततेनं, निःशस्त्र जमावं हा हक्क घटनेच्या कलम 19 नं दिलाय.

मंत्रालयाकडे मुसंडी मारायचं कुणी ठरवलं, तर मात्र पोलीस अडवतात, गाडीत घालतात, काही तास ठाण्यात बसवतात, नावं लिहून घेतात आणि सोडतात. त्याला ‘ताब्यात घेणं’ म्हणतात. ती अटक नव्हे. अटक झालीच तर कारण सांगायला हवं, घरच्यांना कळवायला हवं, वकिलाला भेटू द्यायला हवं, आणि चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढं उभं करायला हवं. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची नाही, असा कायदा आहे. अपवाद करायचा तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत मदतीचा नंबर 15100, तोही त्या कागदावर लिहा.

संध्याकाळी सहानंतर गाडीपर्यंत चार-साडेचार तास उरतात. तेव्हा फिरायला म्हणून विखुरू नका. दिवसभराच्या दमणुकीत चुकामुका होतात त्या याच वेळी. तिकीट हातात असेल तर प्रतीक्षालयात बसता येतं.

आणि आता जे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय ते. मैदानावर एखादा पत्रकार येईल, तुमच्या तोंडापुढं माईक धरेल आणि विचारेल, ‘ताई, कशासाठी आलात?’ मी कितीतरी बायकांना त्या क्षणी गोंधळून ‘संघटनेनं बोलावलं म्हणून आलो’ म्हणताना ऐकलंय. ज्या बाईनं गावातली साठ-साठ पोरं मोजली, तोलली, भरवली, तिचं तेवढंच वाक्य संध्याकाळी टीव्हीवर दिसतं. मग घरात बसलेली माणसं म्हणतात, भाड्यानं आणलेली दिसतात. तसं होऊ देऊ नका. गाडीत झोपायच्या आधी प्रत्येकीनं आपली मागणी आपल्या शब्दांत, दोन वाक्यांत म्हणून दाखवायची. ‘माझ्या अंगणवाडीत इतकी मुलं. माझं मानधन अमुक महिन्याचं अमुक तारखेला आलं. मदतनीस नाही म्हणून चूलही मीच पेटवते.’ ग्रॅच्युइटीचं बोलणार असाल तर हेही पाठ करा, की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या कायद्यानुसार ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 25 एप्रिल 2022 ला सांगितलंय. ‘आम्ही भीक मागत नाही, निकालाची अंमलबजावणी मागतो’ हे तुम्ही म्हणालात की समोरचा माईक खाली घेत नाही, पुढचा प्रश्न विचारतो. पाहिलंय मी.

शिष्टमंडळ मंत्रालयात गेलं, तर निवेदनाच्या दोन प्रती न्यायला सांगा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांकासह पोच घ्यायची. सहा महिन्यांनी ‘तुमचं निवेदन मिळालंच नाही’ असं ऐकायची वेळ येते, तेव्हा भाषणांपेक्षा तो निळा शिक्का उपयोगी पडतो.

प्रश्न : मावशी, मी लातूर जिल्ह्यातला, पुण्यात नवी पेठेत राहून एमपीएससीची तयारी करतो. परीक्षेच्या प्रश्नावर आमची मुलं रस्त्यावर उतरतात, तेव्हा मीही जातो, पण मागं उभा राहतो. वडील रोज फोन करून सांगतात, नाव पोलिसांत गेलं तर चारित्र्य पडताळणीत अडकशील, शेत विकून शिकवतोय. एकदा पोलिसांनी आमच्या घोळक्याचा व्हिडिओही काढला. मी जावं की नाही?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : बाळा, तुझ्या वडिलांनी शेताचं नाव घेतलं ते मला खूप लागलं. ‘जा’ किंवा ‘जाऊ नकोस’ हे मी सांगणार नाही, तो निर्णय तुझा आणि त्यांचा. काय होतं आणि काय होत नाही, तेवढं नीट समजून घे.

आंदोलनानं काहीच होत नाही, असं तुला कुणी सांगेल. तू तर शास्त्री रस्त्यावरच राहतोस. मार्च 2021 मध्ये पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर असताना पुढं ढकलली, तेव्हा मुलं तिथं उतरली आणि ती परीक्षा त्याच महिन्यात घ्यावी लागली. ऑगस्ट 2024 मध्ये आयोगाची आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली, पुन्हा मुलं बसली, आणि 25 तारखेची परीक्षा पुढं गेली.

आता पडताळणी. व्हिडिओत दिसणं म्हणजे गुन्हा नव्हे. पोलिसांनी नोटीस दिली, ज्याला लोक अजून ‘149 ची नोटीस’ म्हणतात आणि जी 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खाली येते, तर तीही ताकीद आहे, गुन्हा नाही. जमावबंदी मोडली, रस्ता अडवला म्हणून गुन्हा नोंदवला गेला, तर मात्र ती नोंद आहे. नोकरी लागताना साक्षांकन नमुना भरावा लागतो, त्यात अटक, खटला, शिक्षा यांची विचारणा असते. मुलं इथं चुकतात. घाबरून ‘नाही’ लिहितात. सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात हा विषय सविस्तर मांडलाय. माहिती खरी द्यायलाच हवी, लपवली तर नोकरी जाऊ शकते. पण त्याच निकालात, तरुण वयात दिलेल्या घोषणांसारख्या क्षुल्लक प्रकरणाकडे नियुक्ती करणारा आपल्या अधिकारात दुर्लक्ष करू शकतो, असंही म्हटलंय. म्हणजे घोषणा दिल्या म्हणून दार बंद होत नाही, खोटं लिहिल्यानं होऊ शकतं. पोलीस ठाण्याची जाळपोळ किंवा दगडफेक ही निराळी गोष्ट. हातात दगड दिसला की तिथून निघ, मग तो मित्राचा हात का असेना.

बाहेरगावच्या मुलांसाठी एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आणि ती कुणी सांगत नाही. आमच्या संघटनेत एक मुलगा होता, जळगावकडचा. एका निदर्शनात वीसेक जणांवर गुन्हा नोंदवला गेला, त्यात त्याचंही नाव होतं. ठाण्यात त्यानं पत्ता दिला तो भाड्याच्या खोलीचा. वर्षभरात खोली बदलली, मग शहरच बदललं. समन्स जुन्या खोलीवर जात राहिलं. तारखांना हजर नाही म्हणून वॉरंट निघालं, आणि चार वर्षांनी त्याला ते कळलं केव्हा, तर पासपोर्टच्या पडताळणीला पोलीस गावी आले तेव्हा. मूळ प्रकरण दोन तारखांत मिटलं असतं, त्याला वॉरंटच्या निस्तरण्यात दीड वर्ष गेलं. म्हणून पत्ता विचारला तर गावाकडचा कायमचा पत्ता दे आणि घरी सांगून ठेव. गुन्हा क्रमांक आणि ठाणं लिहून घे. एफआयआर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहता येते. आणि तारीख चुकवू नकोस. राजकीय-सामाजिक आंदोलनांतले खटले मागं घेण्याचे शासन निर्णय वेळोवेळी निघतात, पण त्यांच्या भरवशावर कोर्टाची तारीख सोडायची नाही.

वडिलांना हे पत्र वाचून दाखव. त्यांना विचारून गेलास, तर तू मागं उभा राहणार नाहीस असं मला वाटतं.

प्रश्न : ताई, आम्ही लालबागला राहतो. घराखालून मोर्चे जातात. रस्ता बंद झाला की चिडचिड होते, पण ती माणसं लांबून आलेली असतात हेही कळतं. आपण काय करू शकतो?
— एक गृहिणी, मुंबई

उत्तर : तुमच्या घराखालूनच ते गेले होते, आठवतंय का? मार्च 2018. नाशिकहून सुमारे 180 किलोमीटर चालत आलेले शेतकरी, त्यांतले पुष्कळसे आदिवासी, वनजमिनीचे पट्टे मागायला. 11 तारखेला ते चुनाभट्टीच्या सोमय्या मैदानावर मुक्कामाला पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी चाललो तर पोरांचा पेपर चुकेल म्हणून ती माणसं आराम न करता मध्यरात्रीनंतर उठून आझाद मैदानाकडे चालू लागली.

आम्ही परळच्या चाळीतले आठ-दहा जण घमेली आणि कोमट पाणी घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होतो. एक म्हातारी माझ्यापुढं बसली. तळपायाची कातडी सुटून टाचेशी गोळा झालेली, तिच्यात डांबराचे कण रुतलेले. मी हात लावायला भ्याले. ती म्हणाली, ‘धू की, माझाच पाय आहे.’ पाय धुताना तिनं मला विचारलं, ‘तुझं कुणी पेपराला हाय का?’ माझी भाची होती त्या वर्षी दहावीला. मी हो म्हटलं, तर तिनं ओल्या हातानं माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तर काय करायचं. तुमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर पहारेकऱ्याचं शौचालय असेल, ते बायकांसाठी उघडं ठेवा आणि तिथं बादलीभर पाणी आणि साबण ठेवा. बिस्किटं वाटणारे पुष्कळ असतात, शौचालयाची आठवण कुणाला होत नाही. फोन चार्ज करायला एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडा. पाणी द्यायचं तर पिंपातून ग्लासानं द्या, रिकाम्या बाटल्यांचा खच दुसऱ्या दिवशी सफाई कामगारांनाच उचलावा लागतो. घरात न वापरलेल्या चपला असतील तर जोड दोरीनं बांधून ठेवा, अंधारात एकेक वेगळी होते. मापं मोठी काढा, सुजलेल्या पायात नेहमीचं माप जात नाही.